सुपरहिरोंची गोष्ट कोठे धरावी आणि कोठे सोडावी

सुपरहिरोंच्या कॉमिक्सकडे किंवा त्यांच्यावरच्या व्हिडिओ गेमकडे नव्याने वळलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की सुरुवात कोठून करायची. प्रश्न रास्त आहे. सुपरमॅन १९३८ साली, बॅटमॅन १९३९ साली आणि स्पायडर-मॅन १९६२ साली पहिल्यांदा छापून आला, आणि या तिघांच्या गोष्टी आजही चालूच आहेत. त्या सगळ्या वाचून मगच आजच्या अंकाकडे यायचे ठरवले तर आयुष्य पुरणार नाही. पण बरीच वर्षे हा नाद केल्यावर माझे मत असे झाले आहे की नवख्या वाचकाची खरी अडचण सुरुवातीची नसतेच. सुरुवात कोठूनही करता येते. हातातली गोष्ट संपली कधी, हे मात्र कोणी सांगत नाही. प्रकाशकाला मालिका चालू ठेवायची असते, गेम काढणाऱ्या कंपनीला आपण रोज लॉग-इन करावे असे वाटत असते, त्यामुळे शेवट कोठे मानायचा हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. पुढे जे सांगितले आहे ते या एका धाग्याला धरून आहे: ज्याला शेवट आहे, किंवा ज्याला आपल्यापुरता शेवट देता येतो, ते आधी निवडावे.

पात्र नको, पर्व निवडावे

कॉमिक वाचणाऱ्यांच्या बोलण्यात ‘रन’ हा शब्द वारंवार येतो. एखाद्या लेखकाने, शक्यतो एकाच चित्रकाराला बरोबर घेऊन, एखाद्या पात्राची मालिका सलग जितके अंक सांभाळली, तितक्या अंकांचे ते पर्व म्हणजे रन. पात्र कंपनीच्या मालकीचे असते आणि ते संपत नाही. रन माणसांनी केलेला असतो, त्यामुळे त्याला आरंभ आणि शेवट दोन्ही असतात. म्हणून निवड करताना मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या पात्राच्या नावाआधी खाली बारीक अक्षरांत असलेली लेखक-चित्रकारांची नावे पाहावीत. नुसता ‘बॅटमॅन वाचायचा आहे’ असे म्हणून शोधायला बसलेला माणूस तासाभराने दमून उठतो. ‘स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांचा २०११ साली सुरू झालेला बॅटमॅन वाचायचा आहे’ असे म्हटले की तोच शोध एका फळीवर मावेल एवढा होतो.

पहिल्या वाचनासाठी माझी शिफारस मर्यादित मालिकेची, म्हणजे किती अंकांत संपणार हे आधीच ठरवून काढलेल्या मालिकेची असते. टॉम किंग यांनी लिहिलेली आणि बिल्किस एव्हली यांनी चित्रित केलेली ‘सुपरगर्ल: वुमन ऑफ टुमारो’ ही २०२१-२२ मधली आठ अंकांची मालिका यासाठी उत्तम आहे. मासिक अंकात गोष्टीची साधारण वीस ते बावीस पाने असतात, हे लक्षात घेतले तर आठ अंक दोन निवांत बैठकींत सहज वाचून होतात. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली एक मुलगी ही गोष्ट सांगते आणि सुपरगर्ल आपल्याला त्या मुलीच्या नजरेतूनच दिसते. त्यामुळे सुपरगर्लविषयी आधी काही ठाऊक नसणे हे इथे वाचकाचे उणेपण ठरत नाही, उलट त्या मुलीलाही तिच्याविषयी फारसे ठाऊक नसल्यामुळे आपण आणि ती बरोबरीने पुढे जातो. याच लेखकाची मिच जेराड्स यांच्यासह केलेली ‘मिस्टर मिरॅकल’ ही बारा अंकांची मालिका अधिक अवघड आहे, आणि ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर वाचावी असे मी सांगेन. प्रत्येक पानावर नऊ सारख्या चौकटींची जाळी आणि त्या जाळीत अडकलेला, कोणत्याही सापळ्यातून निसटण्यात वाकबगार असलेला नायक, हा डाव समजायला कॉमिकच्या पानाची थोडी सवय हवी.

आठ अंक पचले की लांब पल्ल्याचा रन घ्यायला हरकत नाही. ॲल यूइंग यांचा ‘इमॉर्टल हल्क’ २०१८ ते २०२१ या काळात बरोबर ५० अंकांत संपला. हल्कच्या गोष्टीला तिच्या मूळच्या भयकथेच्या रूपात परत नेण्याचा तो प्रयत्न आहे, आणि शरीराच्या विकृतीची त्यातली काही चित्रे अंगावर येणारी आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

आता अलीकडच्या दोन मोठ्या उपक्रमांविषयी, कारण नवा वाचक बहुतेक वेळा त्यांच्याच चर्चेमुळे या दुनियेकडे येतो. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने २०२३ साली लेखक जोनाथन हिकमन यांच्याकडून ‘अल्टिमेट’ या, मुख्य गोष्टींहून वेगळ्या समांतर विश्वाची नव्याने मांडणी करून घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ ही मालिका सुरू झाली. त्यातला पीटर पार्कर पस्तिशीकडे झुकलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे. पोरवयात चावायचा तो कोळी त्याला चावलाच नव्हता, कारण एका खलनायकाने इतिहासात ढवळाढवळ करून ती घटना टाळली होती. शक्ती त्याच्या वाट्याला येते ती संसार थाटल्यानंतर, आणि ती घ्यायची की नाही हे त्याला समजून-उमजून ठरवावे लागते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण मूळ गोष्टीत शक्ती ही मुलावर कोसळलेली आपत्ती होती आणि येथे ती प्रौढ माणसाने पत्करलेली जोखीम आहे. मार्को चेकेटो यांची चित्रे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनइतकीच घरच्या जेवणाच्या टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवर रेंगाळतात. या मालिकेत दोन अंकांमध्ये गोष्टीतलाही एक महिना जातो, आणि संपूर्ण विश्वालाच कथानकातून दोन वर्षांची मुदत घातलेली आहे. शेवटाचे घड्याळ पहिल्या पानापासून टिकटिकत असल्यामुळे ही मालिका आमच्या कसोटीला पुरेपूर उतरते.

डीसी या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनसंस्थेचा ‘ॲब्सोल्यूट’ उपक्रम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यातल्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांनी ब्रूस वेनची श्रीमंती काढून घेतली आहे: वाडा नाही, तळघरातली सामग्री नाही, बाप शाळेत शिकवणारा, आई हयात, आणि स्वतः ब्रूस शहराच्या बांधकामांतला अभियंता. छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह उपटून त्याची कुऱ्हाड करणारा हा धिप्पाड माणूस सुरुवातीला मला अतिरेकी वाटला होता. तिसऱ्या-चौथ्या अंकापर्यंत मत बदलले, कारण पैसा काढून घेतल्यावर उरतो तो हट्ट, आणि तो हट्ट ड्रॅगोटा यांच्या रेषेत दिसतो. केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’ तर माझ्या मते या उपक्रमातली सर्वांत नीट बांधलेली मालिका आहे. ॲमेझॉन स्त्रियांच्या बेटावर वाढायची ती डायना येथे पाताळात चेटकीण सर्सीच्या हाताखाली वाढली आहे आणि तरीही ती मायाळूच निघाली आहे. या मालिका संपण्यासाठी काढलेल्या नाहीत, म्हणून त्यांना शेवट आपण द्यावा: पहिला संग्रह घ्यावा, तेथे एक कथानक पुरे होते, आणि तेथे थांबून पुढचे घ्यायचे की नाही हे ठरवावे.

विकत घेताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. पाच-सहा अंक एकत्र बांधलेल्या संग्रहावर ‘खंड १’ असे छापलेले असते, पण मालिकांचे क्रमांक दर थोड्या वर्षांनी पुन्हा एकपासून सुरू होत असल्यामुळे एकाच पात्राचे अनेक ‘खंड १’ बाजारात असतात. माझ्या कपाटात एकाच नायकाचे असे दोन पहिले खंड शेजारी-शेजारी उभे आहेत आणि त्यांपैकी दुसरा मी पहिल्याचा पुढचा भाग समजून आणला होता. तेव्हा खंडाच्या क्रमांकावर विसंबू नये. मागच्या मुखपृष्ठावर किंवा आतल्या पहिल्या पानावर कोणत्या मालिकेचे कोणत्या सालातले कोणते अंक घेतले आहेत ते बारीक अक्षरांत दिलेले असते, ते वाचावे.

‘इव्हेंट’ या प्रकाराबद्दल थोडक्यात. अनेक मालिकांमधून एकच महाकथा फिरवायची आणि ती पुरी कळण्यासाठी सगळ्या मालिका घ्यायला लावायच्या, असा तो प्रकार असतो. २०२० मधली एक्स-मेनची ‘एक्स ऑफ स्वोर्ड्‌स’ ही कथा २२ भागांत अशीच विखुरलेली होती. त्याच पर्वाची सुरुवात असलेल्या २०१९ मधल्या ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या प्रत्येकी सहा अंकांच्या जुळ्या मालिका मात्र आवर्जून वाचाव्यात, आणि त्या एकमेकींत गुंफून, अंकाच्या शेवटी दिलेल्या क्रमानेच वाचाव्यात. बारावा अंक मिटल्यावर मागे सरावे. त्यापुढे एकदम सहा मालिका उघडतात, आणि माझ्यासह पुष्कळ जण त्यांत बुडाले.

पान वाचणे

चित्रपट पाहिल्यासारखे कॉमिक वाचणारा माणूस फुग्यांतला मजकूर वाचून पुढे जातो आणि एक अंक सहा-सात मिनिटांत संपवून ‘यात काहीच नव्हते’ असे म्हणतो. त्याने पुढील रीत करून पाहावी. पान उलटले की मजकूर न वाचता आधी संपूर्ण पान एकदा नजरेखाली घालावे: चौकटी किती आहेत, सर्वांत मोठी कोणती, रंग कोठे बदलतो, कोणती चौकट कडेला फुटून पानाबाहेर गेली आहे. मग वाचावे. वाचून झाल्यावर दोन चौकटींमधल्या मोकळ्या पांढऱ्या पट्टीकडे लक्ष द्यावे, कारण तेवढ्या जागेत किती वेळ गेला हे वाचकाच्या मनानेच ठरवलेले असते. एका चौकटीत उगारलेली मूठ आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस असेल, तर तो ठोसा कोणीही काढलेला नाही, तो आपण मारलेला असतो.

या सरावासाठी दोन अंक सांगतो. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या २०१२ साली सुरू झालेल्या ‘हॉकाय’ मालिकेचा अकरावा अंक संपूर्णपणे एका कुत्र्याच्या दृष्टीने सांगितलेला आहे. माणसांच्या बोलण्यातले त्याला कळणारे मोजकेच शब्द फुग्यांत वाचता येतात, बाकी सगळी गोष्ट वास, आठवण आणि ओळख यांच्या छोट्या खुणाचित्रांनी पुढे सरकते. दुसरा अंक टॉम टेलर आणि ब्रूनो रेदोंदो यांच्या ‘नाइटविंग’चा सत्त्याऐंशीवा. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच अखंड चित्र आहे, सगळी पाने शेजारी-शेजारी लावली तर लांबच लांब पट्टा तयार व्हावा असे, आणि त्या पट्ट्यावर नायक पुन्हा पुन्हा दिसत पुढे पुढे धावतो. हा अंक फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणाऱ्या सोयीने वाचणे म्हणजे त्याचे वाटोळे करणे होय.

यावरून पडद्यावर वाचणाऱ्यांसाठी एक नियम निघतो. एकेक चौकट दाखवणारी सोय छोट्या पडद्यावर उपयोगी असली तरी पान आधी पूर्ण दाखवून मग चौकटींकडे जाण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असल्यास तो चालू ठेवावा, आणि टॅब्लेट हाताशी असेल तर समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रांसाठी तो आडवा धरावा. सब्स्क्रिप्शनच्या सेवांमध्ये नवे अंक छापील अंकानंतर काही काळाने येतात. ‘मार्व्हल अनलिमिटेड’मध्ये हे अंतर साधारण तीन महिन्यांचे असते. ज्याला संपलेली पर्वे वाचायची आहेत त्याला या उशिराचा काहीच त्रास होत नाही. महिनाभर घेऊन, ठरवलेला एक रन संपवून, सब्स्क्रिप्शन बंद करणे हा माझा जुना परिपाठ आहे.

रंग आणि अक्षरे यांविषयीही बोलायला हवे, कारण श्रेयनामावलीतल्या त्या नावांवरून नजर घसरते. ‘सुपरगर्ल’च्या आठ अंकांत मॅथ्यूस लोपेस यांनी ग्रहागणिक बदललेली रंगसंगती काढून घेतली, तर एव्हली यांच्या नाजूक रेषांचा निम्मा प्रभाव जाईल.

गेम निवडताना

गेमची निवड करताना बहुतेक जण ट्रेलर पाहतात. ट्रेलरमधून गोष्ट कळते आणि चित्रांचा थाट कळतो, पण गेम हातांनी खेळायचा असतो, आणि म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे: हा गेम मला त्या नायकाचे अंग देतो का? म्हणजे बटणे दाबत असताना माझ्या बोटांना जे करावे लागते, त्यात त्या पात्राचा काही अंश उतरला आहे का? कोळ्याच्या पोशाखातला माणूस नुसता धावून ठोसे मारत असेल तर तो कोणीही असू शकतो.

या कसोटीवर रॉकस्टेडी या कंपनीचा २००९ मधला ‘बॅटमॅन: अर्काम असायलम’ अजूनही पहिला धडा म्हणून द्यावासा वाटतो. मारामारीत एक बटण प्रहाराचे आणि एक प्रतिकाराचे. कोणी अंगावर येत असेल तर त्याच्या डोक्यावर खूण उमटते आणि त्या क्षणी प्रतिकाराचे बटण दाबायचे. नवखा खेळाडू प्रहाराचे बटण धडाधड दाबत सुटतो आणि मार खातो. खेळणाऱ्याने बटण हलक्या हाताने, एका प्रहाराला एकदाच दाबावे, आधीचा प्रहार लागल्यावरच पुढचा द्यावा, आणि पहिला तासभर गुणसंख्येकडे पाहूच नये; ताल सापडला की गुण आपोआप वाढतात आणि दहा जणांच्या घोळक्यात मधोमध उभा असलेला तो शांत, मोजूनमापून वागणारा माणूस म्हणजे आपण आहोत असे वाटू लागते. बंदूकधाऱ्यांच्या खोल्यांमध्ये याच्या उलट वागावे लागते. तेथे समोरासमोर लढले की दोन गोळ्यांत खेळ आटोपतो, म्हणून छताजवळच्या दगडी मूर्तींवर बसून एकेकाला उचलावे. उरलेले घाबरतात, एकमेकांवर ओरडतात, चाहुलीवर गोळ्या झाडतात, आणि त्यांची भीती हेच आपले हत्यार बनते. या गेममध्ये भीतीवरचा आणखी एक प्रसंग आहे, ज्यात माझा संगणकच बिघडला असे समजून मी उठून उभा राहिलो होतो. तो कोठे आहे ते येथे सांगणार नाही. तेवढ्यासाठी या गेमविषयी आधी काहीही वाचू नये.

इन्सॉम्नियॅकचा २०१८ मधला ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ अंग देतो ते झोक्यातून. त्याचे जाळे हवेत लटकत नाही, ते इमारतींना चिकटते. त्यामुळे उंच इमारतींच्या दाटीत वेग मिळतो आणि मोकळ्या मैदानावर आल्यावर नायक जमिनीकडे येतो. झोका सर्वांत खाली असताना सोडला तर पुढे फेकले जातो, वर चढताना सोडला तर उंची मिळते. एवढे दोन नियम हाताला वळवण्यासाठी पहिला अर्धा तास कोणतेही काम अंगावर न घेता नुसते शहरभर फिरावे, आणि नकाशावरच्या एका ठिकाणाहून दुसरीकडे झटकन पोहोचवणारी भुयारी रेल्वेची सोय मिळाली तरी ती वापरू नये, कारण त्या गेममधला निम्मा आनंद वाटेत आहे. २०२३ च्या दुसऱ्या भागात झोक्याला गेमकडून मिळणारी मदत कमी-जास्त करण्याची सोय आहे. थोडी सवय झाल्यावर ती मदत उतरवत न्यावी. पहिल्या भागातली प्रयोगशाळेतली कोडी कंटाळवाणी वाटल्यास ती वगळण्याचा पर्यायही सेटिंगमध्ये आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. डिफिकल्टीच्या बाबतीत हेच म्हणता येईल. सोपी पातळी निवडणाऱ्याला हिणवणारे लोक प्रत्येक चर्चेत भेटतात. त्यांचे ऐकून मी एकदा एक चांगला गेम निम्म्यात टाकला होता.

अंग न देताही चांगला ठरणारा गेम असतो. २०२१ मधल्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मध्ये आपण फक्त स्टार-लॉर्ड असतो आणि बाकी चौघांना केवळ सूचना देता येतात. सुरुवातीला हे अपुरे वाटते, पण पुढारीपण म्हणजे ऐकणार नाहीत अशा माणसांना काहीतरी सांगत राहणे, हेच त्या टोळीचे मर्म असल्यामुळे ती मर्यादाच गोष्टीला पूरक ठरते. चालताना त्यांचे आपसातले बोलणे अर्धवट तोडू नये, ते संपेपर्यंत थबकावे. पत्त्यांच्या आणि डावपेचांच्या खेळाची आवड असणाऱ्याने २०२२ मधला ‘मार्व्हल्स मिडनाइट सन्स’ घ्यावा. मात्र तो वरच्या सर्वांपेक्षा पुष्कळ लांब आहे आणि नायकांचा मुक्काम असलेल्या मठातल्या गप्पागोष्टींत बराच रेंगाळतो. २०२५ मधला ‘डिस्पॅच’ तर कोणत्याही जुन्या पात्राच्या आधाराने उभा नाही. चिलखत गमावलेला एक नायक खुर्चीत बसून, पूर्वी गुन्हे केलेल्या सुपरहिरोंना कोणत्या संकटावर धाडायचे ते ठरवतो, एवढ्यावर तो आठ भागांत पुरा होतो. हे भाग दर आठवड्याला दोन या गतीने प्रसिद्ध झाले होते. आता ते सगळे एकदम मिळत असले तरी एका बैठकीत दोनच खेळावेत. मध्ये गेलेल्या दिवसांत आपण घेतलेले निर्णय डोक्यात घोळत राहतात.

शेवट नसलेल्या गेमविषयी सावधपणे लिहावे लागते, कारण त्यांतले काही मला मनापासून आवडतात. सतत नवा मजकूर घालत, ऑनलाइन चालवल्या जाणाऱ्या गेमना ‘लाइव्ह-सर्व्हिस’ म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ची विक्री सप्टेंबर २०२३ अखेर बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘सुसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग’मध्ये नवी भर पडणे वर्षभराच्या आतच थांबले. अशा गेमला शेवट असतोच, फक्त तो गोष्टीतून येत नाही, हिशेबाच्या वहीतून येतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘मार्व्हल रायव्हल्स’ वेगळ्या जातीचा आहे: सहा विरुद्ध सहा अशा झटपट लढती, खेळायला पैसे नाहीत, सर्व पात्रे पहिल्यापासून खुली, आणि विक्री केवळ पोशाखांसारख्या सजावटीची. त्यात उतरणाऱ्याने संरक्षण करणारे, हल्ला करणारे आणि मदत करणारे अशा तीन प्रकारांतले प्रत्येकी एक पात्र आधी शिकून घ्यावे, नाहीतर संघातले सहाही जण हल्लेखोर होतात आणि हरण्याचे खापर एकमेकांवर फोडतात. आणि शेवट? तो बसण्यापूर्वीच ठरवावा. मी तीन लढती ठरवतो. तिसरी हरलो तरी उठतो, हे लिहायला जितके सोपे आहे तितके करायला नाही.

गेमकडून कॉमिककडे जाणारे रस्ते

ज्याच्या हातात आधी कंट्रोलर आला त्याला कॉमिकपर्यंत पोहोचवण्याची खात्रीची वाट म्हणजे आवडलेले पात्र कोणी लिहिले ते शोधणे. ‘रायव्हल्स’ खेळणाऱ्यांचा लाडका, जमिनीवर चालणारा चिमुकला शार्क जेफ हा केली थॉम्पसन यांच्या ‘वेस्ट कोस्ट ॲव्हेंजर्स’मध्ये २०१९ साली पहिल्यांदा आला. त्याच्यावर थॉम्पसन आणि गुरिहिरू यांनी ‘इट्‌स जेफ’ नावाची छोट्या छोट्या गोष्टींची मालिका केली, जिच्यात संवाद जवळपास नाहीतच. पान वाचण्याच्या सरावासाठी तिच्याहून सोपे आणि गोड काही मला माहीत नाही. आणि हीच लेखिका पाताळातल्या वंडर वुमनकडे आपल्याला घेऊन जाते. शार्कपासून सर्सीपर्यंतचा हा प्रवास एका नावाला धरून होतो, त्यासाठी ऐंशी वर्षांचा इतिहास पाठ करावा लागत नाही.

दुसरा रस्ता ‘इनजस्टिस’चा. २०१३ मधल्या या लढतींच्या गेममध्ये सुपरमॅन हुकूमशहा का झाला हे सांगण्यासाठी टॉम टेलर यांनी पूर्वकथेची कॉमिक मालिका लिहिली, आणि ती गेमपेक्षा जास्त काळ लक्षात राहिली. तिच्या पहिल्या वर्षाचा भाग वाचावा, पुढच्या वर्षांचे भाग लांबत गेले आहेत. तेथून याच टेलर यांच्या ‘नाइटविंग’कडे आले की वर सांगितलेला तो अखंड चित्राचा अंक आपोआप वाटेत येतो.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. लुना स्नो ही गायिका-नायिका २०१८ साली ‘मार्व्हल फ्यूचर फाइट’ या मोबाइल गेमसाठी तयार झाली आणि नंतर कॉमिकमध्ये आली. ‘अर्काम नाइट’ हा गेमसाठी घडवलेला खलनायक २०१९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात मूळ प्रवाहात दाखल झाला. तेव्हा गेम म्हणजे कॉमिकची उष्टी आवृत्ती, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालताना ही नावे हाताशी असू द्यावीत.

एक मात्र करू नये: गेम आणि कॉमिक यांतल्या घटना जुळवत बसू नये. परग्रहावरचा काळा पोशाख अंगावर चढून व्हेनम हा खलनायक बनतो. ‘स्पायडर-मॅन २’ गेममध्ये व्हेनम होतो तो पीटरचा मित्र हॅरी ऑस्बर्न. कॉमिकमध्ये १९८८ साली व्हेनम म्हणून आला तो एडी ब्रॉक. दोघांपैकी खरा कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणता बदल कशासाठी केला हे विचारावे. गेमला पीटरची मैत्री पणाला लावायची होती, म्हणून काळा पोशाख मित्राच्या अंगावर चढला. कॉमिकला पीटरच्या जुन्या चुकीचा हिशेब मागायचा होता, म्हणून तेथे दुखावलेला पत्रकार आला.

शेवटी, गेम शंभर टक्के पुरा करण्याच्या हव्यासाबद्दल. नकाशावरची प्रत्येक खूण पुसून काढण्याच्या नादात गोष्ट संपल्यावरही आपण आठवडाभर दमलेल्या डोळ्यांनी शहर धुंडाळत राहतो, आणि आठवणीत राहतो तो हा शीण. इन्सॉम्नियॅकच्या पहिल्या गेममध्ये हॉवर्ड नावाचा एक बेघर म्हातारा आपली कबुतरे पकडून आणायला सांगतो. दुसऱ्या भागात तो पुन्हा भेटतो आणि या वेळी कबुतरांना नव्या घरापर्यंत सोबत करायला सांगतो. त्या कामात मारामारी नाही, घाईही नाही. मुख्य कथानक पुरे झाल्यावर बाकी खुणा तशाच राहू द्याव्यात, हे एक काम मात्र राखून ठेवून सर्वांत शेवटी करावे, झोके सावकाश घ्यावेत, आणि पक्षी उतरले की कंट्रोलर खाली ठेवावा.